वाण आणि गुण

एकाच प्रश्नाला दोन उलटी उत्तरे देणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात. 'खाण तशी माती' म्हणणारा माणूसच घटकाभराने 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असेही म्हणतो. पहिली म्हण सांगते की, जन्माबरोबर जे आले तेच खरे. दुसरी सांगते की, संगत मोठी. बैलाच्या दावणीतून निघालेला हा वाद पुढे तत्त्वज्ञांच्या बैठकीत गेला, तेथून प्रयोगशाळेत गेला आणि गेल्या दीडशे वर्षांत त्याचा निकाल बराचसा लागला. निकाल देणारे साक्षीदार होते कोंबडीची पिल्ले, बदके, मांजरे, माकडे आणि चिमण्या. त्या साक्षींचा इतिहास येथे थोडक्यात सांगायचा आहे.

मी शिक्षक आहे, प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. तरीही या विषयाने मला अनेक वर्षे धरून ठेवले आहे, आणि त्याचे कारण शाळेतच आहे. सीमाभागातल्या शाळेत दर जूनला दोन तऱ्हेचे पालक मुख्याध्यापकाच्या खोलीत येतात. एकांना वाटते, घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा ओढाताणीत पोराचे डोके बिघडेल. दुसरे असतात ऊसतोडीवरून किंवा वीटभट्टीवरून आलेले. त्यांचे पोर आठ-नऊ वर्षांचे होऊन प्रथमच पाटीवर हात ठेवणार असते. बाप अवघडून विचारतो, "सर, आता उशीर झाला का?" दोघांचाही प्रश्न मुळात एकच आहे. पहिल्या वर्षांत जे घडले, अथवा घडायचे राहिले, ते कायमचे असते काय?

टोपी घातलेली पिल्ले

डग्लस स्पाल्डिंग हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. १८४१ साली जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे छपरांवर दगडी पाट्या बसविण्याचे काम करी. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांच्या ओळखीने त्याला विद्यापीठातील व्याख्याने फुकट ऐकायला मिळाली. पुढे तो वकिलीकडे वळला, पण क्षयाने गाठले. त्या काळातील अनेक विद्वानांचे मत असे होते की, मन म्हणजे कोरी पाटी आणि तिच्यावर जे उमटते ते सारे अनुभवाने. नवजात पिल्लाला अंतरसुद्धा कळत नाही, ते चाचपडत शिकते, असे ते म्हणत. स्पाल्डिंगने ठरविले की हे पिल्लालाच विचारावे.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांचे डोळे उघडण्यापूर्वीच त्याने त्यांच्या डोक्यावर छोट्या टोप्या चढविल्या आणि एक ते तीन दिवस त्यांना तसेच ठेवले. टोपी काढल्यावर काही मिनिटांतच पिल्ले सरपटणाऱ्या किड्यावर नेमकी चोच मारू लागली. कोणी शिकविले नव्हते. म्हणजे खाण तशी माती!

पण याच प्रयोगात दुसरी गोष्टही निघाली. डोळे उघडल्यानंतर जे काही पहिल्यांदा हलताना दिसेल त्याच्यामागे पिल्ले धावत. कोंबडी असो, बदक असो, नाही तर माणूस. मागे धावण्याची ओढ उपजत होती, पण कोणाच्या मागे, हे उपजत नव्हते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण. तीन पिल्लांच्या टोप्या त्याने जवळजवळ चार दिवस काढल्या नाहीत. टोपी काढताच ही पिल्ले त्याच्याकडे धावण्याऐवजी भीतीने उलट दिशेला पळाली. एक दिवस आधी टोपी काढली असती तर ती त्याच्याकडेच आली असती, अशी स्पाल्डिंगची खात्री होती. दरम्यान पिल्लांनी काहीही पाहिले नव्हते. तरी आत कोठेतरी एक दार लोटले गेले होते.

हा निबंध १८७३ साली 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. त्यानंतर स्पाल्डिंग लॉर्ड अ‍ॅम्बर्ली यांच्या घरी त्यांच्या थोरल्या मुलाचा शिक्षक म्हणून राहिला. धाकटा मुलगा तेव्हा तान्हा होता. तोच पुढे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल म्हणून जगाला माहीत झाला. घराच्या दिवाणखान्यातही स्पाल्डिंगची कोंबडीची पिल्ले फिरत असत. १८७७ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला, आणि त्याचे काम विस्मरणात गेले. ते पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात जे. बी. एस. हाल्डेन यांचे. १९५४ मध्ये त्यांनी तो जुना निबंध पुन्हा छापून आणला. हेच हाल्डेन १९५७ साली कलकत्त्यास आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

टांकसाळीचा ठसा

दरम्यान जर्मन भाषेच्या मुलखात हीच गोष्ट नव्याने सापडली होती. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील ऑस्कर हाइनरोथ यांनी १९११ च्या सुमारास लिहून ठेवले की, यंत्रात उबवलेली हंसाची पिल्ले एकदा माणसाकडे पाहून घेतली की हंसांच्या कळपात जायलाच तयार नसतात. आपल्याकडे खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवणाऱ्यांनी याची दुसरी बाजू पाहिली असेल. पिल्ले कोंबडीला आई मानून तिच्यामागे फिरतात. डबके दिसले की मात्र पाण्यात शिरतात आणि कोंबडी काठावर कावरीबावरी होते. पोहणे हा वाण, कोंबडीला आई म्हणणे हा गुण.

हाइनरोथ यांना गुरू मानणारा कोनराड लोरेन्झ व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्ग गावचा. लहानपणी शेजाऱ्याकडून त्याला एक दिवसाचे बदकाचे पिल्लू मिळाले आणि ते त्याच्याच मागे लागले. ती गंमत त्याच्या आयुष्याचा विषय झाली. १९३५ च्या त्याच्या प्रबंधामुळे या घटनेला जे नाव रूढ झाले त्याचा अर्थ नाण्यावर ठसा उमटविणे. टांकसाळीत नरम धातूवर ठसा बसतो तो एकदाच, आणि पुन्हा पुसत नाही. लोरेन्झचे म्हणणे असेच होते: ठसा उमटण्याची मुदत फार थोडी, आणि उमटलेला ठसा कायमचा. त्याने हाताने वाढवलेला एक कावळ्याच्या जातीचा पक्षी मोठा झाल्यावर लोरेन्झच्या कानात किडे भरवू पाही, कारण त्याच्या लेखी जोडीदार तोच होता! पुढे शिकागोचे एकहार्ड हेस यांनी बदकाच्या पिल्लांवर मोजमाप केले. अंड्यातून बाहेर आल्यानंतर १३ ते १६ तासांच्या दरम्यान हा ठसा सर्वांत पक्का बसतो, असे त्यांना आढळले.

१९७३ चे नोबेल पारितोषिक लोरेन्झला टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळाले. इतिहास सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे की, १९३८ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला आणि १९४० च्या आसपास त्याने माणसाच्या वाणाची शुद्धता राखावी अशा अर्थाचे लेखन केले. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. साल्झबर्ग विद्यापीठाने मात्र २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, त्याला दिलेली मानाची पदवी काढून घेतली. पिल्लावर संगतीचा ठसा किती खोल बसतो हे ज्याने जगाला दाखविले, तोच माणसांच्या बाबतीत वाणाच्या नादी लागला. विद्वत्ता हे शहाणपणाचे प्रमाणपत्र नव्हे, एवढाच याचा अर्थ.

ठसा पुसत नाही, हे त्याचे म्हणणेही पुढच्या पिढीने जसेच्या तसे ठेवले नाही. केंब्रिजचे पॅट्रिक बेटसन आदींच्या कामातून दिसले की मुदत नुसत्या घड्याळाने संपत नाही. पिल्लू काही शिकले म्हणजे ते शिकणेच दार लोटून घेते. पाहण्यासारखे काही मिळालेच नाही तर दार अधिक काळ किलकिले राहते. अमेरिकेतील गिल्बर्ट गॉटलिब यांनी तर थेट अंड्याच्या आत डोकावून पाहिले. बदकाचे पिल्लू अंड्यात असतानाच चिवचिवते आणि आपला व भावंडांचा आवाज ऐकते. त्याला तो आवाज ऐकू दिला नाही, तर बाहेर आल्यावर आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत ते गोंधळते. अभिमन्यूची कथा आपण लहानपणापासून ऐकली. चक्रव्यूह राहू द्या, पण जन्माआधी कान शिकतो, एवढे खरे ठरले. ज्याला आपण शुद्ध उपजत म्हणतो त्यातही अनुभवाचा धागा विणलेला असतो.

डोळा आणि पाहणे

१६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिनो याने तत्त्वज्ञ लॉक याला एक कोडे पाठविले. मॉलिनोची पत्नी अंध होती. जन्मांध माणसाला हाताने चाचपून गोळा आणि घन यांतला फरक कळतो. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून गोळा कोणता हे तो सांगेल काय? लॉक म्हणाला, नाही. वाद मात्र तीनशे वर्षे चालू राहिला.

त्यात पहिला भक्कम पुरावा मांजराच्या पिल्लांनी दिला. हार्वर्डच्या डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६३ मध्ये दाखविले की, पिल्लाचा एक डोळा पहिले दोन-तीन महिने मिटलेला ठेवला तर नंतर उघडूनही त्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. डोळा निरोगी असतो. बिघाड असतो मेंदूत. तेथील पेशी त्या डोळ्याची दखल घ्यायच्या थांबलेल्या असतात. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर काहीही होत नाही. १९८१ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'मूल मोठे झाल्यावर करू' असे म्हणून लांबविणे किती घातक आहे हे त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना पटले. आज असे मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत काढण्याची धडपड असते.

त्याच वर्षी रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक शिक्षकाने तो लक्षात ठेवावा असे मला वाटते. अंधारात वाढविलेल्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. जत्रेतल्या पाळण्यासारखे फिरते यंत्र केले. एका टोकाला बांधलेले पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले, दुसऱ्या टोकाचे पाळण्यात बसून राही आणि पहिल्याच्या चालण्याने फिरे. दोघांना तेच पट्टे, तेवढाच वेळ दिसत. काही दिवसांनी चालणाऱ्या पिल्लाला खोली कळू लागली, कड्याच्या टोकाशी ते थबके. पाळण्यातल्या पिल्लाला खोल बाजू आणि उथळ बाजू सारखीच. डोळ्यांसमोरून सारे गेले, पण पाय हलले नाहीत म्हणून शिकणे झाले नाही. आमच्या कित्येक वर्गांतली मुले त्या पाळण्यातच बसलेली असतात. शिक्षक चालतो आणि मुले फिरतात. प्रयोगाचा शेवट मात्र आशेचा आहे. पाळण्यातल्या पिल्लांना उजेडात दोन दिवस मोकळे सोडले तेव्हा तीही इतरांसारखी पाहू लागली.

आणि मॉलिनोचे कोडे? ते आपल्या देशात सुटले. मूळचे दिल्लीचे आणि अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून अंध असलेल्या, पण उपचार होऊ शकणाऱ्या मुलांच्या दिल्लीत शस्त्रक्रिया करायच्या आणि त्यांचे पाहणे कसे घडते याचा अभ्यास करायचा, असे त्याचे स्वरूप. २०११ मध्ये पाच मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. वये ८ ते १७. पट्टी सुटल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना जमले नाही. लॉक बरोबर ठरला. पण काही दिवसांतच जमू लागले! एवढ्या उशिरा दृष्टी आलेल्या मुलांची नजर इतरांसारखी तीक्ष्ण होत नाही. तरीही वस्तू ओळखणे, माणूस ओळखणे, वाटेने चालणे त्यांना साधते. या पाहणीच्या लेखकांत पहिले नाव रिचर्ड हेल्ड यांचे आहे. मांजराच्या पिल्लांना पाळण्यात बसविणारेच ते हेल्ड, तेव्हा नव्वदीकडे झुकलेले.

कापडाची आई

माकडांची साक्ष सर्वांत दुःखद आहे. विस्कॉन्सिनचे हॅरी हार्लो यांनी रीसस माकडाची पिल्ले आईपासून तोडली. रीसस हे आपल्या उत्तर भारतातले तांबड्या तोंडाचे माकड. त्या काळी ती हजारोंनी भारतातून अमेरिकेतील प्रयोगशाळांकडे जात; १९७८ पासून भारताने ही निर्यात थांबविली. पिल्लांपुढे दोन 'आया' ठेवल्या. एक तारेची, तिला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे दूध नाही. १९५८ मध्ये हार्लो यांनी जाहीर केले की पिल्ले दूध प्यायला तेवढी तारेकडे जातात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून काढतात. आई म्हणजे अन्न, हा समज त्या दिवशी मोडला. पुढे त्यांनी काही पिल्ले सहा महिने अगदी एकटी ठेवली. ती कोपऱ्यात अंग आवळून झुलत बसत, इतरांत मिसळत नसत. हे निर्दय होते आणि आज असे करू दिले जाणार नाही.

पण १९७० नंतर हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी या मोडलेल्या पिल्लांना वैद्य दिले. कोण? तीन महिन्यांची छोटी माकडे! मोठी सोबती त्यांना मारत. ही छोटी मात्र नुसती येऊन बिलगत आणि मग खेळ सुरू करत. काही महिन्यांत एकटी पिल्ले बरीचशी माणसाळली, माकडाळली म्हणू. शास्त्रज्ञांना औषध सापडले ते धाकट्या भावंडात.

सीमेवरच्या चिमण्या

आता आपल्या सर्वांत जवळचा विषय. कॅलिफोर्नियात डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक चिमणी असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवती तिच्या गाण्याच्या वेगवेगळ्या बोली आहेत; दहा कोसांवर भाषा बदलावी तशा. १९६० नंतर पीटर मार्लर यांनी दाखविले की बोली रक्तातून येत नाही, कानातून येते. पिल्लाला एकटे ठेवून टेप ऐकवली तर वयाच्या १० ते ५० दिवसांच्या दरम्यान जे ऐकले तेच ते पुढे गाते. पन्नास दिवसांनंतर टेप कितीही वाजवा, उपयोग नाही. टेपवर दोन जातींची गाणी असली तर ते आपल्या जातीचे उचलते. पाहा, काय शिकायचे याची आवड वाणाची, प्रत्यक्ष गाणे गुणाचे.

मग लुइस बॅप्टिस्टा यांनी दोन गोष्टींची भर घातली. जेथे दोन बोलींची हद्द लागते तेथे काही नर दोन्ही बोलींत गातात. सीमेवरच्या या चिमण्यांचे काही बिघडलेले दिसत नाही! दुसरी गोष्ट १९८४ ची. लुइस पेट्रिनोविच यांच्यासह त्यांनी टेप बाजूला ठेवली आणि शेजारच्या पिंजऱ्यात जिवंत शिक्षक ठेवला. पन्नास दिवस उलटलेली पिल्लेही शिकली. एवढेच नव्हे, तर काही पिल्ले परक्या पाखराचे गाणे शिकली. ते परके पाखरू म्हणजे आपल्या गवताळ माळावरची लाल मुनिया. तिच्या शास्त्रीय नावात अहमदाबाद दडले आहे, कारण एके काळी ती तेथूनच परदेशी जाई. टेपला बंद असलेले दार जिवंत गुरूला उघडले.

माणसाचे मूल काही निराळे नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले त आणि ट ऐकविले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळला. वर्षाच्या आसपासच्या मुलांना कळेना, कारण घरात तो कोणी बोलत नव्हते. हिंदी घरातल्या मुलांना तो कळतच राहिला. आपल्या मराठी-कन्नड घरांत त-ट आणि ळ दोन्हीकडून मिळतात. पण 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन ज-कारांतला भेद मुलाच्या कानावर मराठी माणसाच्या तोंडूनच पडावा लागतो. आणि तोही खऱ्या तोंडातून. २००३ मध्ये सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसून खेळविणाऱ्या बाईंकडून, काहींना पडद्यावरून. पहिल्या बाळांचे कान चिनी ध्वनींना तयार झाले. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरी काहीच पडले नाही.

पालकांना मी आता हेच सांगतो. दोन भाषांनी मूल बिघडत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आजी कन्नड म्हणींनी रागावते आणि मराठी ओव्यांनी निजवते, आणि नातवंडे दोन्हींत ठणठणीत बोलतात. भाषा जाते ती तिच्यातून मुलाशी कोणी बोलेनासे झाले म्हणजे. मोबाइलवर मराठी गाणी लावून दिली की कर्तव्य संपले असे समजू नका. मांडीवर घेऊन बोला, चुकले तर हसा, पुन्हा बोला.

आणि त्या उशिरा आलेल्या मुलाच्या बापाला? त्याला मी खोटा धीर देत नाही. पहिली वर्षे मोलाची आहेत, म्हणूनच अंगणवाडीत पोषण आणि प्रेम दोन्ही पाहिजे, आणि तोडीच्या फडावर पाचटाच्या झोपडीत वाढणाऱ्या मुलांसाठीही पाहिजे. त्यात कसूर झाली तर तिची किंमत मूल भरते. पण टोपी काढली की चार दिवसांचे पिल्लू पळते, एवढ्यावर ही कथा थांबत नाही. पाळण्यातले मांजर मोकळे सोडल्यावर पाहू लागले, एकटे माकड धाकट्याच्या मिठीने सावरले, पन्नास दिवसांची चिमणी जिवंत गुरूकडून शिकली, सतरा वर्षांचा मुलगा पट्टी सुटल्यावर आपल्या हातातली वस्तू डोळ्यांनी ओळखू लागला. दार लोटलेले असते. त्याला कडी घालणारे बहुधा आपणच असतो. म्हणून अशा मुलाला पहिल्या बाकावर, त्याच्याशी बोलणाऱ्या एखाद्या हसऱ्या मुलाशेजारी बसवायचे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधण्याचे शहाणपण आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून आहे.